कावळ्याची राखाडी मान

सावंतवाडी,
14 एप्रिल

चि. मनू हिस,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

बाळा, तुझ्या शिबिराचं वेळापत्रक मिळालं. मोबाइलवर अक्षर बारीक दिसतं म्हणून शेजारच्या मुलाकडून कागदावर छापून घेतलं आणि काल दुपारी पडवीत बसून दोनदा वाचलं. ‘निसर्ग आणि कला, वय सात ते अकरा, पंधरा दिवस, सकाळी आठ ते एक.’ काकांनीही वाचलं आणि म्हणाले, पोर मावशीच्या वळणावर गेली. मला किती बरं वाटलं ते काय सांगू! आणि बरं वाटलं तितकीच काळजीही वाटली. फोनवर तू कायम घाईत असतेस आणि मला ऐनवेळी सांगायचं ते आठवत नाही, म्हणून हे पत्र. सावकाश वाच. एका बैठकीत नाही झालं तर दोन दिवसांत वाच.

आधी घरची खबर. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता त्यांना पाडाला आलेला आंबा खालून ओळखू येतो, त्यामुळे सकाळपासून त्यांचा मुक्काम झाडाखालीच. यंदा मोहर उशिरा आला, आंबा बेताचाच आहे. काजूच्या बोंडांचा वास सगळ्या परड्यात भरून राहिलाय. मागच्या दारचा रतांबा मात्र लगडलाय, म्हणजे मेमध्ये आमसुलं घालायचं काम आहेच. तुझी आई आठ दिवस येऊन गेली. तुझ्याविषयी बोलताना तिचा आवाज वेगळाच होतो, हे तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते.

आता तुझ्या कागदाकडे येते. पंधरा दिवसांत तू बत्तीस गोष्टी घातल्या आहेस. मी पेन्सिलीने मोजल्या. पानांचे ठसे, वारली, मातीकाम, ओरिगामी, पक्षीनिरीक्षण, कागदी पिशव्या, टाकाऊतून टिकाऊ, मुखवटे, आणि प्रत्येकाला चाळीस मिनिटं. एकेक गोष्ट चांगली आहे. पण मनू, या सगळ्यात मुलं बघणार कधी? हात चालवायला वेळ दिला आहेस, डोळ्यांना कुठे दिलाच नाहीस. माझी सगळी काळजी या एका जागी येऊन थांबते. ती का, हे कळायला तुला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. तुझ्या आईला सोडून आजवर कुणालाही मी ती सांगितलेली नाही.

1991 च्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेच्या व्हरांड्यात मी उन्हाळी वर्ग घ्यायचे ते तुला ठाऊक नसेल, तुझा जन्मही झाला नव्हता. मी तेव्हा एटीडी झालेली, मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवणारी चित्रकलेची बाई. कागद नीट भरला पाहिजे, रंग रेषेबाहेर जाता कामा नये, या माझ्या शिस्तीचा मला अभिमान होता. त्या वर्षी मुंबईहून आजोळी आलेली एक आठ वर्षांची मुलगी वर्गाला यायची. फार बोलायची नाही. मी सांगितलं, आवडता पक्षी काढा. बाकीच्यांनी पोपट काढले, मोर काढले. हिनं कावळा काढला. कागदभर मोठा, एक पाय वर घेतलेला. डोकं काळं रंगवलं, पंख काळे रंगवले आणि मान मात्र पांढऱ्यात काळा मिसळून राखाडी केली. मी मागून आले. म्हटलं, अगं, कावळा काळा असतो ना? आणि तिच्या हातातला ब्रश घेऊन मी ती मान काळीभोर करून टाकली. दोन फटकाऱ्यांत. वर म्हणालेसुद्धा, बघ, आता कसा कावळा दिसतोय.

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दोन डोंगर काढले, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला घर आणि एक माड. सगळी मुलं काढतात तसंच. आणि मला वाटलं, मुलगी सुधारली! शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आपापली चित्रं घरी नेली. तिनं कावळा बाकावरच ठेवला.

वर्ग संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मागच्या दारी तांदूळ धूत बसले होते. विहिरीच्या रहाटावर एक कावळा येऊन बसला. हात लांब केला तर लागेल इतका जवळ. ऊन त्याच्या अंगावर तिरपं पडलं होतं. डोकं काळं कुळकुळीत, पंखांवर निळसर झाक, आणि मान आणि छाती चुलीतल्या थंड राखेच्या रंगाची. मी तांदळाचं भांडं तसंच हातात धरून बसून राहिले. पुरता काळा असतो तो डोमकावळा. आपल्या दारी शितं टिपायला येतो तो घरकावळा आणि त्याची मान राखाडीच असते. वर्षानुवर्षं पिंडाला शिवायची ज्याची वाट पाहिली, त्या पक्ष्याची मान मी कधी पाहिलीच नव्हती. त्या आठ वर्षांच्या मुलीनं पाहिली होती. मी तशीच उठून तिच्या आजोळी गेले. ती सकाळच्या एसटीनं मुंबईला गेली होती. पुन्हा काही तिची माझी भेट झाली नाही.

म्हणून बाळा, बत्तिसातल्या एकतीस गोष्टी विसरलीस तरी चालेल, पण मुलाच्या कागदाला हात लावू नकोस. मुलांमधून फिरताना हात पाठीमागे बांधूनच फिर. मी पुढची वीस वर्षं तशीच फिरले. काही दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर दाखव, तेही त्यानं विचारलं तर. आणि चित्र बघून ‘हे काय काढलंस’ असं म्हणू नकोस. ‘हे कुठे पाहिलंस’ असं विचार. ज्यानं पाहिलेलं असतं ते मूल सांगत सुटतं. ज्यानं नुसतं आठवून काढलेलं असतं ते गप्प होतं आणि दुसऱ्या दिवशी आपसूक नीट बघायला लागतं.

सलीम अलींची गोष्ट मुलांना जरूर सांग. 1896 साली जन्मलेला मुंबईचा पोरका मुलगा, मामाच्या घरी वाढलेला. दहा-बारा वर्षांचा असताना त्यानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून चकित झाला. मामांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्डसाहेब. मुलगा घाबरतच आत गेला. साहेबांनी ती रानचिमणी ओळखली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्प्यांमागून कप्पे उघडून त्याला दाखवत बसले. तिथून त्या मुलाचं आयुष्यच पक्ष्यांचं झालं. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा रडू आलं होतं. एका मुलानं गळ्यावरचा पिवळा डाग पाहिला, त्याला कप्पे उघडून दाखवणारा माणूस भेटला. एका मुलीनं मानेवरचा राखाडी रंग पाहिला, तिला मी भेटले.

आता वेळेचं. नागपुरात मे महिन्यात सकाळी आठ म्हणजे ऊन तापायला लागलेलं असतं गो! आमच्याकडे घामानं जीव जातो, तुमच्याकडे ऊनच भाजून काढतं. पारा पंचेचाळिसावर गेला की मोठ्यांना चक्कर येते, तिथे सात वर्षांच्या पोराचं काय? माझं ऐक, साडेसहाला बोलाव. आई-वडील कुरकुरतील, चार दिवसांत सवय होईल. साडेसहा ते साडेआठ झाडाखाली, मग खाणं, मग कूलरच्या खोलीत रंग आणि माती, आणि अकराच्या आत सगळी घरी. एक वाजता मुलांना रस्त्यावर सोडायचं नाही म्हणजे नाही.

प्रत्येकाच्या डोक्याला टोपी किंवा ओला रुमाल हवा. तहान लागायची वाट बघू नकोस, खेळात मुलांना तहान कळत नाही. दर अर्ध्या तासाला थांबवून सगळ्यांना पाणी पाज, आणि माठातलं पाणी रोजच्या रोज बदल. डोकं दुखतंय, मळमळतंय, पाय गळाल्यासारखे झालेत असं कुणी म्हणालं तर ‘नाटकं करू नकोस’ म्हणू नकोस. लगेच सावलीत निजव, अंग ओल्या फडक्यानं पूस, पाणी पाज. अंग तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय किंवा ग्लानीत जातंय असं दिसलं, तर क्षणही न दवडता दवाखाना गाठ. ओआरएसची पाकिटं जवळ ठेव. नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. माप चुकवू नकोस, मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

तुमच्या नागपुरात बघायला काय आहे, असं लिहिलं होतंस ना मागे? सगळं शहर कडुनिंबानं भरलंय की! एका कडुनिंबाखाली एक आख्खी सकाळ जाते. प्रत्येकाला एक डहाळी दे आणि विचार, या छोट्या पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का? नसतात. एक बाजू रुंद, एक अरुंद, आणि पान विळ्यासारखं वाकलेलं. काठाला करवतीचे दाते. मुलं आधी ‘हो, सारख्याच आहेत’ म्हणतील, कारण पान म्हणजे दोन बाजूंनी सारखं असं त्यांच्या मनात पक्कं असतं. मग एखादं मूल पान नाकाशी नेईल, तिरकं धरेल आणि ओरडेल, नाही, नाही, ही बाजू मोठी! तो ओरडा ऐकायला तू हे सगळं करते आहेस. चाळीस मिनिटांत तो येईलच असं नाही. कधी दहा मिनिटांत येतो, कधी तिसऱ्या दिवशी येतो.

बहाव्याच्या पिवळ्या झुंबराखाली पडलेल्या पाकळ्या मोजू दे. वावळाची पापडीसारखी बी वाऱ्यावर सोडून कुणाची लांब जाते ते बघू दे. तांबटाचं टुक् टुक् ऐकून तो कुठल्या फांदीवर आहे ते शोधू दे. सापडणार नाही, तरी शोधू दे. मोकळ्या माळावर टिटवी अंडी घालते. उन्हाच्या तडाख्यात ती पाण्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, अंडी गार ठेवायला. हे सांगितलंस की मुलं स्वतःच्या ओल्या रुमालाकडेही वेगळ्या नजरेनं बघतील. पण घरट्याजवळ न्यायचं नाही. लांबून बघायचं, टिटवी ओरडायला लागली की मागे फिरायचं. फोटोसाठी फांदी बाजूला करणं तर अजिबात नको.

शिबिर 26 मेच्या आधी संपतंय, ते बरंच आहे, कडक उन्हाचा नवतपा 25 लाच लागतो. पण त्या 26 तारखेची एक गंमत मुलांना वहीत लिहून घ्यायला सांग. त्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. सरळ कडांचा एक पेला अंगणात पालथा घालायचा आणि आपण दाराच्या सावलीतून बघायचं. मुलांनी उन्हात उभं राहायची गरज नाही. आमच्याकडे असाच दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो. काका दरवर्षी तुळशीपाशी पेला ठेवतात आणि मला हाक मारतात.

रंगांच्या खर्चाचा आकडा तू लिहिला आहेस, तो बघून मी दचकले. इतक्या ट्यूब-बाटल्या घेऊ नकोस. हळद पाण्यात कालव, तिच्यात बोटावर मावेल इतका चुना टाक, पिवळ्याचं क्षणात लाल होतं. त्यावर लिंबू पिळ, परत पिवळं. मुलांचे डोळे बघ तेव्हा! चुना मात्र तूच हाताळायचा, डोळ्यात गेला तर इजा करतो. होळीच्या वेळची पळसाची वाळलेली फुलं तिकडे कुणाकडेही मिळतील. रात्रभर भिजवली की केशरी पाणी तयार. गेरू आहे, कोळसा आहे, नीळ आहे. कडुनिंबाची काडी दातांनी चावली की कुंचला होतो. ज्या मुलानं रंग स्वतः केला, ते मूल तो रंग वाया घालवत नाही आणि कुठला रंग कशातून आला ते जन्मभर विसरत नाही.

ताराबाई मोडकांचं नाव तू ऐकलं असशील. मुंबईतलं काम सोडून 1945 साली त्या बोर्डीला गेल्या, आदिवासी मुलांमध्ये. माँटेसोरीची महागडी साधनं तिथे कुठून येणार? त्यांनी बिया घेतल्या, शंख-शिंपले घेतले, पानं आणि खडे घेतले. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांनी ते काम आयुष्यभर चालवलं. अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, तो तिथला. तेव्हा सामान कमी पडेल याची काळजी करू नकोस. तुझ्या यादीतलं सामान आत्ताच जास्त आहे.

वारलीला तू चाळीस मिनिटं ठेवली आहेस. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले, वर गोल डोकं, की झालं वारली, असं मुलांना वाटायला नको. डहाणू-तलासरीकडे लग्नघरात सुवासिनी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहितात, हे आधी सांग. जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रं कागदावर आणून जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मग मुलांना तारप्याचा नाच उतरवून घ्यायला सांगू नकोस. वारल्यांनी आपलं शेत, आपली कोंबडी, आपलं लग्न काढलं, तसं तुम्ही तुमची गल्ली काढा, म्हणावं. कूलरमध्ये पाणी भरणारे बाबा काढा. मी आमच्या मुलांना इथल्या राजवाड्यात गंजिफा बघायला न्यायचे. दशावताराचे 120 गोल पत्ते, पहिला अवतार मत्स्य. पण आधी सकाळी मासळीबाजारात न्यायचे. बांगड्याच्या पाठीवरचे पट्टे आणि सुरमईचे ठिपके बघून आलेली मुलं त्या पत्त्यावरचा मासा असा बघायची की कारागीरसुद्धा हात थांबवून त्यांच्याकडे बघायचे.

काही गोष्टींची अगदी ताकीद आहे. शिबिराची जागा आदल्या दिवशी स्वतः पायी फिरून बघ. कॉलनीच्या बागांत कण्हेर असते. तिची पानं, फुलं, बिया सगळं विषारी. गुंजा दिसायला मोत्यांसारख्या म्हणून चिकटकामाला घेतात, चावून पोटात गेल्या तर जिवावर बेततं. धोतरा नको. रुईचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. गाजरगवतावर बसवू नकोस, अंगाला खाज सुटते. वर मोहोळ आहे का ते बघ. आग्या मोहोळ असलं तर ती जागाच सोड, आणि अत्तर-स्प्रे मारून यायचं नाही असं सगळ्यांना सांग. कुणाला दमा आहे, कुणाला शेंगदाणा चालत नाही, हे आधी लिहून घे. मूल न्यायला कोण येणार त्याची नावं लिहून घे, आणि त्या नावाशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती मूल देऊ नकोस, ओळखीचा चेहरा असला तरी. एका मोठ्या माणसानं एकट्यानं एका मुलाला बंद खोलीत किंवा आडोशाला न्यायचं नाही, हा नियम मदतनिसांना पहिल्याच दिवशी सांग, आणि तुला स्वतःलाही लागू कर. यात कुणावर अविश्वास नाही. दुसऱ्याची लेकरं हाताशी घेतली की इतकं करावंच लागतं. मुलं विसाच्या वर घेऊ नकोस, आणि विसांना तुम्ही तिघं तरी हवीत.

विसातल्या दोन जागा मोकळ्या ठेव. तुमच्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी असेल, पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचा मुलगा असेल. त्यांच्याकडून पैसे घेऊ नकोस आणि ते कुणाला कळूही देऊ नकोस. गावाकडून आलेल्या मुलाला मोहाचं फूल कसं वेचतात, चारोळी कुठे लागते हे माहीत असतं. वर्गात एकदा तरी तो सांगणारा आणि बाकीचे ऐकणारे असं होऊ दे.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन आणि बक्षिसं ठेवली आहेत. बक्षिसं काढून टाक, माझी एवढी विनंती आहे. पहिला नंबर एकाचा येतो आणि एकोणीस मुलं त्याच्यासारखं काढायला लागतात. आई-बाप रोज न्यायला येतील आणि विचारतील, आज काय बनवलंस? हात रिकामे दिसले तर तुझ्याकडे बघतील. मला ती नजर ठाऊक आहे, तिच्यापायीच मी मुलांच्या कागदांवर ब्रश चालवायचे, घरी नेलेलं चित्र छान दिसावं म्हणून. तू पहिल्या दिवशी पालकांना बसवून सांग, की रोज काही बनेलच असं नाही, पण रोज काहीतरी बघितलेलं असेल, ते विचारा. प्रत्येक मुलाला शंभरपानी साधी वही दे. तारीख घालून त्यात चित्र, ठसा, चिकटवलेलं पान, दोन ओळी, जे हवं ते. शेवटच्या दिवशी मुलानं आपली वही आपल्या आई-बाबांना शेजारी बसवून दाखवायची. त्याहून मोठं प्रदर्शन लागत नाही.

बत्तिसातल्या दहा-बारा गोष्टी ठेव. रोज अर्धा तास कोरा सोड, कागदावर काहीच लिहू नकोस त्या जागी. मुलं कंटाळतील. कंटाळू दे. कंटाळलेलं मूलच खाली बसून मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघतं. तुला वाटेल आपण काम करत नाही आहोत. तेव्हा हात पाठीमागे घे आणि उभी राहा.

आणि स्वतःकडेही बघ बाय माझे. पंधरा दिवस रोज पहाटे उठायचंय, जेवण चुकवू नकोस. पहिल्या दिवशी दोन मुलं रडतील, एक पळून जायला बघेल, एकाच्या आजीला वेळ पटणार नाही. त्यानं खचू नकोस, माझ्याकडेही प्रत्येक वर्षी तसंच व्हायचं. लहानपणी तू परड्यात पालथी पडून गोगलगाय बघत होतीस, जेवायला हाक मारली तरी उठली नव्हतीस. तुझ्यापाशी मुलं सुरक्षित आहेत, याची मला खात्री आहे. तरी मावशीला काळजी वाटणारच.

कोकमाच्या आगळाच्या चार बाटल्या पार्सलनं पाठवल्या आहेत. त्यात मीठ आहे, तेव्हा पाणी आणि साखर घालून मुलांना दे, वेगळं मीठ घालू नकोस. आंबे तयार झाले की पेटी येईल. काकांचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग आणि पहाटेचा चहा त्यांना करायला लाव.

तुझी,
मावशी

ता. क. या पाकिटात तो कावळा घालून पाठवते आहे. इतकी वर्षं माझ्या ट्रंकेत होता. भिंतीवर लावू नकोस, तुझ्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये ठेव. उजेडाशी धरलास तर माझ्या काळ्याखालचा तिचा राखाडी अजून थोडा दिसतो. मागच्या बाजूला तिनं पेन्सिलीनं लिहिलेलं मी तो वर्ग संपल्यावर पाहिलं. लिहिलंय, ‘आजीच्या विहिरीवरचा कावळा.’